एक माणूस, दोन गाठी, तीन कागद: बार्शीची कॅन्सर नोंदणी आणि वेब फॉर्ममधल्या पोटनोंदी

मागच्या वर्षी मला एक शोध लागला होता. तो चोवीस तास टिकला.

माझं पीएच.डी.चं काम गावांतल्या घरगुती पाणीवापरावर आहे. सर्वेक्षणाचा फॉर्म मी स्वतः रेल्समध्ये बांधला होता. वर कुटुंब, खाली त्या कुटुंबातले सदस्य, आणि एकच 'जतन करा' बटण. एका गावात दरडोई पाणीवापर एकदम निम्म्यावर आलेला दिसला. मी खूश. टंचाईमुळे लोकांनी वापर कसा बदलला, यावर दोन परिच्छेद लिहूनही टाकले. दुसऱ्या दिवशी सहज एक कुटुंब उघडून पाहिलं तर त्यात आजी दोन, सून दोन, धाकटा मुलगा दोन. पाणी तेवढंच होतं, माणसं दुप्पट झाली होती. त्या गावातल्या नावांचं शुद्धलेखन आम्ही नंतर सुधारलं होतं, आणि सुधारणा जतन करताना प्रत्येक सदस्य नव्याने जन्माला आला होता.

कारण काय ते पुढे सांगते. पण चूक सापडल्यावर मला आधी संगणक नाही, माझं गाव आठवलं. मी बार्शीची. आगळगाव रोडवरचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आमच्याकडे नुसतं 'कॅन्सर हॉस्पिटल' म्हणून ओळखलं जातं. तिथल्या नोंदणीचे शोधनिबंध मी एम.एस्सी.ला असताना वाचले होते ते दर आणि आलेखांसाठी. ते कोणाला 'एक' मोजतात, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात ठरावीक लोकसंख्येतल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचं काम पहिल्यांदा मुंबईत सुरू झालं, १९६३ साली, इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि १९८२ पासून मुंबई, बंगळूर, मद्रास इथली माहिती एका पद्धतीने गोळा होऊ लागली. तिन्ही शहरं मोठी, आणि तिन्हीकडे मोठी रुग्णालयं. देशातली बहुतेक माणसं राहायची खेड्यात, आणि खेड्यातल्या कॅन्सरचा आकडा कोणाकडेच नव्हता. म्हणून १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं, सुमारे चार लाख लोकसंख्या. बार्शीकडून डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलच्या बाजूने डॉ. कस्तुरी जयंत ही नावं त्या काळातल्या निबंधांवर सतत दिसतात.

शहरात नोंदणी करणारा माणूस रुग्णालयात बसतो, आणि रुग्ण रुग्णालयात येतो. बार्शीत हे चालणार नव्हतं, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता. अंगावर पांढरं जातंय, लाल जातंय, हे बाई नवऱ्याला सांगत नव्हती, तिथे डॉक्टरला काय सांगणार? मग कार्यकर्तेच गावोगाव गेले. बैठका घेतल्या, लक्षणं समजावली, संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणायचा प्रयत्न केला. जोडीला गावातल्या मृत्यूंची चौकशी, आणि इथले रुग्ण जिथे जिथे उपचाराला जातात त्या बाहेरच्या मोठ्या रुग्णालयांतले कागद. मोजायला गेलेल्यांनी ज्याला मोजायचं तेच बदलून टाकलं: १९९५ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये आलेल्या निबंधाचं म्हणणं असं की जागृती वाढली तशा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. संशोधनपद्धतीच्या तासाला 'निरीक्षणाने निरीक्षित गोष्ट बदलते' हे वाक्य सगळे घोकतात. त्याला उदाहरण म्हणून हा निबंध द्यावा असं मला फार वाटतं.

आता कागदांकडे या. अशा कोणत्याही नोंदणीत एका बाईची माहिती किमान तीन दारांनी येऊ शकते. गावभेटीचा फॉर्म, रुग्णालयाचा केसपेपर, मृत्यूची नोंद. पहिल्यावर नाव 'शांताबाई', दुसऱ्यावर नुसतं 'शांता' आणि पुढे माहेरचं आडनाव, कारण दवाखान्यात भावाने नेलेलं. तिसऱ्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव. वय एका कागदावर ४५, दुसऱ्यावर ५०, कारण जन्मतारीख कोणालाच माहीत नाही आणि हिशोब '७२ च्या दुष्काळात माझा थोरला रांगत होता' या मापाने होतो. (हे नाव आणि हे कागद मी समजावण्यासाठी रचलेत. पण आपापल्या घरातले जुने कागद काढून बघा, यापेक्षा वेगळं काही सापडणार नाही.) हे तीन कागद म्हणजे तीन बायका की एक? उत्तर चुकलं तर काय होतं बघा. समजा चार लाख लोकसंख्येत वर्षाला लाखामागे ५० रुग्ण, म्हणजे २००. त्यात दहा जण दोनदा धरले गेले तर दर पाच टक्क्यांनी वर. मुंबईसारख्या शहरात दहाची चूक लपून जाईल. इथे ती आलेखात उठून दिसेल, आणि कोणीतरी माझ्यासारखी तिच्यावर दोन परिच्छेद लिहील.

आणि प्रश्न नुसता माणसाचा नाही, गाठीचाही आहे. एकाच माणसाला आधी तोंडाचा कॅन्सर झाला आणि काही वर्षांनी अन्ननलिकेचा, तर माणूस एक पण कॅन्सर दोन. पण पहिलाच कॅन्सर यकृतात पसरला असेल तर ती नवी नोंद नव्हे, जुन्याच नोंदीची पुढची गोष्ट. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही स्तनांत झाला तर? लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या नियमाप्रमाणे जोडीचे अवयव एकच धरायचे, पेशींचा प्रकार वेगळा नसेल तर नोंद एक. अमेरिकेतल्या नोंदणीच्या नियमाप्रमाणे त्या दोन नोंदी होऊ शकतात. शरीर तेच, गाठी त्याच, आणि नियमपुस्तक बदललं की देशाचा आकडा बदलतो.

याच संस्थेने जगभरातल्या नोंदण्यांसाठी कॅनरेग नावाची प्रणाली मोफत दिली आहे. तिच्या पाचव्या आवृत्तीत तीन तक्ते आहेत: रुग्ण, गाठ, स्रोत. एका रुग्णाखाली कितीही गाठी, एका गाठीखाली कितीही स्रोत, म्हणजे ज्या कागदांवरून ती गाठ कळली ते कागद. शांताबाईचं कोडं इतक्या नेमकेपणाने मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तीन कागद आले म्हणून तीन बायका होत नाहीत. कागद स्रोताच्या तक्त्यात जातात, आणि वर बाई एकच राहते.

अशा एकाखाली एक लटकणाऱ्या नोंदींना मी पोटनोंदी म्हणते. सातबाऱ्यावरचा पोटहिस्सा तुम्हाला माहीत असेलच: गट क्रमांक एक, त्याखाली १, २, त्याखाली अ, ब. आणि सातबाऱ्यातच दुसरी एक हुशारी आहे. गाव नमुना सात जमिनीच्या बाजूने बघतो, या गटाचे मालक कोण. आठ-अ माणसाच्या बाजूने बघतो, या खातेदाराचे गट कोणते. माहिती तीच, दोन दारं. महसूल खात्याला हे फार आधी कळलं होतं. संगणकवाल्यांना कळायला १९७० साल उजाडलं.

त्याआधी काय होतं? आयबीएमची आयएमएस नावाची प्रणाली. १९६० च्या दशकात अपोलो मोहिमेच्या यानाच्या लाखो सुट्या भागांचा हिशोब ठेवायला ती जन्माला आली. यानात भाग, भागात उपभाग, उपभागात बोल्ट, असं सगळं झाडासारखं. वरून खाली उतरायला झकास. पण 'हा बोल्ट कुठे कुठे वापरलाय' असं खालून विचारलं की दमछाक. म्हणजे नमुना सात आहे आणि आठ-अ नाही. मग आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. झाड मोडा, सगळं सपाट तक्त्यांत ठेवा, आणि तक्ते एकमेकांशी किंमतींनी जोडा. त्या निबंधातलं उदाहरण मुद्दाम बघा, कारण ते आपलंच आहे: एक कर्मचारी, त्याच्या पोटात नोकरीचा इतिहास, त्याच्या पोटात पगाराचा इतिहास, आणि कर्मचाऱ्याच्याच पोटात मुलं. कॉड ही पोटं एकेक करून बाहेर काढतात आणि वेगळे तक्ते करतात. फक्त मुलाच्या प्रत्येक ओळीत बापाचा क्रमांक लिहून ठेवतात. बस्स, एवढंच. आजही प्रत्येक डेटाबेसमध्ये पोटनोंद आपल्या मूळ नोंदीला अशीच ओळखते.

मग प्रश्न मिटला की. पण नाही मिटला, कारण माणूस माहिती भरताना झाडासारखीच भरतो. रेशनकार्डाचा अर्ज आठवा. वर कुटुंबप्रमुख, खाली सदस्यांच्या ओळी, शेवटी एक सही. सहा सदस्यांसाठी सहा अर्ज कोणी भरणार नाही. म्हणजे फॉर्म झाडाचा आणि साठवण तक्त्यांची.

बार्शीकरांना हे समजवायला सोपं आहे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचा रूळ अडीच फुटी. मोठ्या लाइनचा रूळ साडेपाच फुटी. दोन्ही भेटायच्या कुर्डुवाडीला, तेव्हाच्या बार्शी रोडला. छोट्या डब्यातला माल मोठ्या डब्यात जायचा तर तो उतरवून पुन्हा चढवावा लागणार, त्याला इलाज नव्हता. पोतं फुटलं, हरवलं, दुसऱ्याच वाघिणीत गेलं, तर ते याच बदलाच्या ठिकाणी. वेब फॉर्म आणि डेटाबेस यांच्यामध्येही असंच एक कुर्डुवाडी आहे. आता आमची लाइन ब्रॉडगेज झाली, पण वेबवरचा गेजबदल अजून तसाच आहे.

रुबी ऑन रेल्स ही चौकट डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये खुली केली. पहिली काही वर्षं ही हमाली प्रत्येक प्रोग्रामर आपल्या हाताने करायचा. २००७ च्या सुमारास रायन बेट्स यांनी आपल्या रेल्सकास्ट्स या व्हिडिओमालिकेत 'गुंतागुंतीचे फॉर्म' या विषयावर तीन भाग केले, यावरून लोक किती अडत असतील ते कळतं. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीत हे काम चौकटीने स्वतःकडे घेतलं. या भागाचे मुख्य कर्ते एलॉय दुरान. मूळ नोंदीच्या वर्गात एक ओळ लिहायची, 'ॲक्सेप्ट्स नेस्टेड ॲट्रिब्यूट्स फॉर', आणि पुढे पोटनोंदीचं नाव.

ती ओळ काय करते ते नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत तिचं नाव सगळे सांगतात आणि नियम कोणालाच येत नाहीत. फॉर्ममधून सदस्यांच्या ओळी येतात. ओळीसोबत आयडी असेल तर चौकट समजते की हा जुना सदस्य, याला सुधारा. आयडी नसेल तर हा नवा, याला जन्म द्या. आयडी आहे पण तो या कुटुंबाचा नाहीच, तर ती ओळ गपचूप दुसऱ्याच्या घरात न लिहिता 'नोंद सापडली नाही' म्हणून थांबते. ओळीवर 'डिस्ट्रॉय'ची खूण असेल तर सदस्य काढून टाकते, पण तशी परवानगी आधी दिलेली असेल तरच. कोऱ्या ओळी गाळायची सोय आहे, तीही सांगावी लागते. आणि हे सगळं एकाच व्यवहारात: चौथा सदस्य जतन होताना अडला तर कुटुंबप्रमुखासकट सगळं मागे फिरतं. अर्धं रेशनकार्ड तयार होत नाही.

यात नावाची तुलना कुठेच नाही, हे लक्षात आलं का? 'शांता' आणि 'शांताबाई' एकच आहेत का, हे चौकट विचारत नाही. नाव अगदी अक्षरशः तेच असलं तरीही नाही. तिला फक्त क्रमांक कळतो. ओळख पटवायचं काम तिने सरळ तुमच्यावर टाकलंय, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. नावावरून अंदाज बांधणारी चौकट एखाद्या गावातल्या दोन खऱ्याखुऱ्या शांताबाई एक करून टाकेल, आणि ते कोणाला कधी कळणारही नाही. दोन आज्या निदान डोळ्यांना दिसतात तरी.

आता माझी चूक. तिच्यामागेही एक छोटा इतिहास आहे. फॉर्ममधून जे येईल ते सगळं मुकाट्याने नोंदीत भरायची रेल्सची जुनी सवय होती. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव या तरुणाने गिटहबवर याच सवयीचा फायदा घेतला. फॉर्ममध्ये आपल्याला हवा तो मालकाचा क्रमांक घुसवला आणि स्वतःची किल्ली रेल्सच्या खात्याला जोडून दाखवली. म्हणजे पोटनोंद दुसऱ्याच बापाच्या नावावर चढवली. बोंब झाली, आणि २०१३ च्या रेल्स ४ पासून नियम आला: फॉर्ममधली कोणती नावं आत घ्यायची याची यादी प्रोग्रामरने स्वतः द्यायची. यादीत नाही ते दारातच गळणार. मी यादी दिली होती. सदस्याचं नाव, वय, लिंग, नातं, शिक्षण. आयडी लिहायचा राहिला. फॉर्म प्रत्येक आजीचा आयडी इमानाने पाठवत होता, दार तो काढून घेत होतं, आणि आत पोचलेली आजी बिनओळखीची म्हणून नवी आजी. कुठेही लाल अक्षरं नाहीत, चुकीचा संदेश नाही. उलट हिरव्या पट्टीत 'माहिती जतन झाली'.

हे सगळं निस्तरताना सहज तारखा मांडल्या आणि गंमत वाटली. रेल्स २.३ आली मार्च २००९ मध्ये. त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवड्यांनी, २ एप्रिल २००९ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बार्शीचं नाव आलं. पहिले लेखक आर. शंकरनारायणन, दुसरे बी. एम. नेने. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवरचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास. गावांचे ५२ समूह, आणि समूहांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी चार गटांत. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पेशीतपासणी, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला त्या वेळी जी सर्वसाधारण सेवा होती तीच. एकदाच केलेली चाचणी, मग आठ वर्षं लक्ष ठेवणं.

निकाल असा. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका, त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मृत्यू ३४. चौथ्या गटात ३१,४८८ बायका, मृत्यू ६४. पुढच्या टप्प्यावर गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, चौथ्या गटात ८२. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे. (चौथ्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे नैतिकतेच्या अंगाने बरीच टीका झाली. निबंध वाचाल तेव्हा तीही वाचा. ६४ हा आकडा मग नुसता आकडा राहत नाही.)

या निकालाच्या पोटात किती पोटनोंदी आहेत ते मोजून बघा. जिल्हा, समूह, गाव, घर, बाई, तिची चाचणी, तिची गाठ, तिचा मृत्यू. आठ वर्षांनी एखाद्या गावात एक बाई दगावते आणि त्या मृत्यूची ओळ आठ वर्षांपूर्वी कोणत्या गटात गेलेल्या बाईखाली लटकवायची, हे ठरवावं लागतं. सव्वा लाखावर बायका हे ऐकायला मोठं वाटतं, पण निकाल उभा आहे ३४ आणि ६४ वर. त्यातल्या पाच ओळी चुकीच्या बाईखाली लागल्या, किंवा कोणाखालीच लागल्या नाहीत, तर निष्कर्ष वाकायला लागतो. म्हणूनच ही वाट आधी नोंदणी, मग चाचणीचा अभ्यास अशी गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९८७ पासून गावोगाव फिरून माणूस ओळखायची सवय लागलेली होती, तिच्या बळावर १९९९ मध्ये हा अभ्यास सुरू होऊ शकला.

तुमच्यातल्या संख्याशास्त्रवाल्यांसाठी आणखी एक. वाटणी बायकांची नाही, समूहांची झाली. एका समूहातल्या बायकांचं पाणी, दवाखाना, रस्ता, रीतभात बरीचशी सारखी, त्यामुळे त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. विश्लेषणात समूह हिशोबात घ्यावाच लागतो. म्हणजे प्रत्येक बाईच्या ओळीत तिच्या समूहाचा क्रमांक पाहिजे, कॉडच्या मुलांच्या ओळीत बापाचा असतो तसा. तो गाळलात तर तक्ता सुंदर दिसेल आणि विश्वासाच्या मर्यादा खोट्या अरुंद येतील. पीएच.डी.च्या मुलाखतीत 'तुमचं निरीक्षणाचं एकक काय' असं विचारतात तेव्हा त्यांना हेच हवं असतं.

माझ्या पाण्याच्या फॉर्मचं पुढे काय झालं? यादीत एक शब्द घालायला दहा सेकंद लागली. दुप्पट झालेली माणसं निस्तरायला तीन आठवडे. सोपं वाटलं होतं: नाव, वय, नातं सारखं असेल तर दुसरी ओळ उडवायची. पण शुद्धलेखन सुधारलेलं होतं, म्हणजे दोन ओळी सारख्या नव्हत्याच, आणि बरोबर नाव नव्या ओळीत होतं तर पाण्याच्या नोंदी जुन्या ओळीला चिकटलेल्या. शेवटी मूळ कागद काढले आणि एकेक घर हाताने जुळवलं. एका घरात खरोखरच एकाच नावाच्या दोघी निघाल्या, चुलतसासू आणि सून. दोघींचं नाव सुमन. खात्री करायला फोन केला तर सूनबाई म्हणाल्या, "आमच्याकडं थोरल्या सुमन न् धाकट्या सुमनच म्हणत्यात, तुमच्या कागदावर तसं लिवा की." आता तसंच लिहिलंय, आणि दोघींचे आयडीही वेगळे आहेत.